विषाणू, अस्थिमज्जा आणि वेगळी ठेवलेली ताटवाटी



मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे. पण आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मध्यंतरी एक प्रश्न आला : ‘ब्लड कॅन्सर व्हायरसने होतो म्हणतात. मग घरातल्या पेशंटची ताटवाटी वेगळी ठेवायची का?’ उत्तर एका शब्दात, नाही. का नाही, तेवढंच आज सांगते.

हाडांच्या पोकळीतल्या अस्थिमज्जेत रक्तपेशी तयार होतात. तिथल्या पेशी बिघडून बेसुमार वाढल्या की ल्युकेमिया किंवा मायलोमा होतो. कॅन्सरमागे विषाणू असल्याचा संशय जुना आहे. १९११ मध्ये पेटन राउस यांनी कोंबड्यांमधली एक गाठ विषाणूमुळे होते हे दाखवलं. त्यांना नोबेल मिळायला १९६६ उजाडलं. आपल्याकडे पुण्याच्या हुजूरपागेत शिकलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये विषाणू, हार्मोन आणि कॅन्सर यांचा संबंध उंदरांवर अभ्यासला.

माणसात एचटीएलव्ही-१ या विषाणूमुळे प्रौढांमधला एका प्रकारचा ल्युकेमिया होतो, हे सिद्ध झालं आहे. पण हा विषाणू अंगात असलेल्या शंभरांपैकी जेमतेम पाच जणांना तो होतो, तोही कित्येक वर्षांनी. शिवाय हा विषाणू आईच्या दुधातून, रक्तातून आणि शरीरसंबंधातून जातो, ताटातून नाही. मायलोमाचं तसं नाही. १९९७ मध्ये रुग्णांच्या अस्थिमज्जेत एक हर्पिस विषाणू सापडल्याचं प्रसिद्ध झालं. इतर प्रयोगशाळांना तो तसा सापडला नाही आणि तो दावा मागे पडला.

आमच्याकडे सर्व्हर बंद पडला की त्या क्षणाच्या दहा नोंदी लॉगमध्ये दिसतात. बिघाडाशेजारी दिसली म्हणून ती नोंद दोषी ठरत नाही; पुन्हा पुन्हा तपासावं लागतं. विषाणूंचंही तसंच.

जिथे दोष नक्की ठरला, तिथे उपायही सापडला. गर्भाशयमुखाचा कॅन्सर एचपीव्ही विषाणूमुळे होतो. आपल्याच मराठवाड्यात, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, सुमारे १ लाख ३१ हजार बायकांचा अभ्यास झाला. २००९ मध्ये निष्कर्ष आले : ज्या गटात एकदाच एचपीव्ही तपासणी झाली, तिथे या कॅन्सरने झालेले मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या जवळपास निम्मे होते. आता लसही आहे. मैत्रिणींनो, मुलींना लस द्या आणि स्वतःची तपासणी करून घ्या.

आणि पेशंटच्या घरी? कॅन्सर जेवणातून किंवा स्पर्शातून पसरत नाही. उलट केमोमुळे पांढऱ्या पेशी कमी झाल्या की आपली साधी सर्दीही त्यांना महागात पडते. म्हणून हात धुवा, खोकला असेल तर भेट पुढे ढकला, जेवण ताजं आणि नीट शिजलेलं द्या. लेणी बघायला जगभरची माणसं आपल्या फर्दापुरात येतात, त्यांना आपण कधी परकं मानलं नाही. मग घरच्याच माणसाला पंगतीतून उठवू नका.