शाळेची वाट हाही आपलाच तास

राज्याच्या कानाकोपऱ्यांतून अधिवेशनाला आलेल्या शारीरिक शिक्षण शिक्षक बंधुभगिनींनो,

 

खेळाच्या तासिकांसाठी आपण वर्षानुवर्षे भांडतो आहोत आणि भांडायलाच हवे. दिवाळी सरली की दहावीचा खेळाचा तास गणिताकडे जातो, हे इथे कुणाला सांगायला नको. पण या भांडणात घर ते शाळा हे अंतर आपल्या हिशेबातून सुटले.

५ ते १७ वर्षांच्या मुलांना दररोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. २०१९मध्ये १४६ देशांतील शाळकरी मुलांची पाहणी प्रसिद्ध झाली. ११ ते १७ वयाच्या १०० मुलांपैकी ८१ मुलांची एवढी हालचाल होत नव्हती. मुलींमध्ये तर १००पैकी ८५. आता साधा हिशेब करा. शाळा दीड किलोमीटरवर असेल, तर झपझप चालत जायला वीसेक मिनिटे, यायला तेवढीच. मैदानावर पाऊल ठेवण्याआधीच दोन तृतीयांश काम झाले. त्याला ना तासिका लागते, ना क्रीडा साहित्य. आणि जे मूल धावण्यात शेवटचे येते, संघनिवडीत कधीच घेतले जात नाही, त्यालाही ही वाट सारखाच व्यायाम देते.

नेमकी हीच वाट नववी-दहावीत तुटते. सकाळी सातच्या सुमारास शहरातल्या कुठल्याही शाळेच्या फाटकाशी उभे राहा. स्कूटरवर पुढे दप्तर, मागे आईच्या खांद्याएवढा मुलगा. रिक्षात दाटीवाटीने बसलेल्या मुली. घर दोन चौकांपलीकडे, पण शाळा सुटली की परस्पर क्लासला जायचे, म्हणून गाडी. सायकल स्टँडमध्ये मोडकी बाकडी रचलेली. सायकलींचे शहर म्हणून ज्या पुण्याची ओळख होती, तिथेही वेगळे दिसत नाही. पालकांना मी दोष देत नाही. पदपथावर गाड्या लागलेल्या, चौकात सिग्नल न जुमानणारे डंपर. अशा रस्त्यावर मूल एकटे सोडायला छातीच लागते. पण लायसन्स नसलेल्या मुलाच्या हाती गाडी देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीनंतर त्यासाठी पालकाला २५ हजारांचा दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

एक गोष्ट मात्र ठामपणे सांगतो. पाड्यावरून ओढा ओलांडत पाच-सहा किलोमीटर चालत येणाऱ्या मुलीच्या पायपिटीला कुणी व्यायाम म्हणू नये. ती सोयीची उणीव आहे, आणि तिच्यापायी शाळा सुटते. राज्य सरकारच्या मानव विकास कार्यक्रमातून अशा मुलींना मिळणाऱ्या सायकलींचे मोल म्हणूनच मोठे. बिहारने २००६पासून नववीच्या मुलींना सायकली दिल्या, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुली जवळपास तिसऱ्या हिश्श्याने वाढल्या. शिक्षण आणि व्यायाम एकाच वाहनाने आले. मात्र सायकल वाटून काम संपत नाही. पंक्चर काढायला कुणी नाही म्हणून महिनोन्महिने भिंतीला टेकून राहिलेल्या सायकली आपण पाहतो. शाळेत एक हवेचा पंप, पाने आणि चिकटवायचे सामान ठेवायला फार खर्च येत नाही. चेन बसवणे, ब्रेक आवळणे आठवीच्या मुलींना आपणच शिकवू शकतो. तेही शारीरिक शिक्षणच आहे.

म्हणून माझी मागणी साधी आहे. परत गेल्यावर पहिल्याच सोमवारी परिपाठानंतर आठवी ते दहावीच्या प्रत्येक मुलाला विचारा, तू आज कसा आलास आणि घर किती लांब आहे. तो तक्ता घेऊन मुख्याध्यापकांसह नगरपालिकेत, ग्रामपंचायतीत जा. फाटकासमोर गतिरोधक, शाळेच्या वेळेत अवजड वाहनांना बंदी आणि मोकळा पदपथ मागा. आणि सायकल स्टँडमधली ती मोडकी बाकडी या आठवड्यात बाहेर काढा.