चिंधी फुकट, पण हात फुकट नाही

(पुण्यात झालेल्या हस्तकला प्रशिक्षणात आपल्या क्षेत्र समन्वयक ताईंनी जे सांगितलं, ते सगळ्या गटांपर्यंत पोचावं म्हणून इथे देत आहोत.)



आज आपण कोळी करायला शिकणार आहोत. मासे धरणारा नव्हे, जाळं विणणारा! तुम्ही का हसताय ते कळलं मला. घट बसायच्या आधी आपण काठीला झाडू बांधून घरातली जळमटं काढतो, आणि दसरा होतो न होतो तोच शहरातली माणसं पैसे देऊन कोळी आणतात आणि दाराला टांगतात.

हे कशासाठी, ते आधी थोडक्यात सांगते. ३१ ऑक्टोबरला हॅलोवीन असतो. सण मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. सुगी संपून हिवाळा लागताना, त्या रात्री मेलेल्यांचे आत्मे फिरतात, अशी तिथल्या जुन्या लोकांची समजूत होती. दुसऱ्या दिवशी, १ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोकांचा सर्व संतांचा सण येतो. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडची खूप माणसं अमेरिकेला गेली आणि ही प्रथाही तिकडे घेऊन गेली. तिथे मुलं भुताखेतांचे वेश करून दारोदार खाऊ मागतात. आता हिंजवडी, खराडी, बाणेरकडच्या सोसायट्यांमध्ये आणि काही इंग्रजी शाळांमध्येही मुलांसाठी हा दिवस करतात. त्याच्या सजावटीला भोपळे, वटवाघळं आणि कोळी लागतात.

"पण हा आपला सण आहे का?" असं एका काकूंनी विचारलं. नाही, आपला नाही, आणि तो आपण साजरा करायचाही नाही. गिऱ्हाइकाला हवी ती वस्तू नीट करून द्यायची, एवढंच आपलं काम. कोणाच्या मनाला पटत नसेल तर त्यांनी करू नये, आणि गटात कोणी त्यांना त्यावरून बोलू नये.

आता सामान बघा. टेलरकडची काळी कातरण, ब्लाउजच्या अस्तराचे तुकडे, फाटक्या छत्रीचं कापड, उरलेली लोकर. विकत आणायची ती फक्त हाताने वाकणारी बारीक तार, जाड दोरा आणि मणी. मणी, तार रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. एकेकीने सुटं आणू नका, गटाने मिळून एकदम आणा.

पहिलं काम अंगाचं. काळ्या कापडाचे दोन गोल कापा, एक १८ सेंटीमीटर रुंदीचा, दुसरा १० चा. कडेने धावदोरा घाला, थोडा ओढा, बटव्यासारखं तोंड झालं की आत कातरण भरा. कातरण अगदी बारीक करून भरा, नाहीतर गाठी वर दिसतात. मग दोरा घट्ट ओढून तोंड शिवून टाका. मोठा गोळा म्हणजे पोट, छोटा म्हणजे डोकं. दोन्ही एकमेकांना चारी बाजूंनी टाके घालून जोडा.

दुसरं काम पायांचं. ३० सेंटीमीटरचे तारेचे चार तुकडे घ्या. त्यांवर काळी लोकर किंवा कापडाची पट्टी गुंडाळा. चारही तुकडे मधोमध एकत्र बांधले की आठ पाय झाले. ही जुडी छोट्या गोळ्याच्या पोटाशी शिवायची. खऱ्या कोळ्याचे पाय पुढच्याच भागाला असतात, मागच्या पोटाला नसतात. मोजूनही घ्या, आठच! सहा पाय असले तर तो किडा झाला, कोळी नाही. तारेची टोकं आत वळवून बंद करा, लेकरांच्या हातात जाणारी वस्तू आहे. लहान मुलांसाठी असेल तर डोळ्यांना मणी लावू नका, निघाला तर तोंडात जातो. पांढऱ्या दोऱ्याने डोळे भरा.

तिसरं, जाळं. जुन्या प्लास्टिकच्या बांगडीत पांढरा दोरा आडवा-उभा ताणा आणि मधून गोल फिरवत न्या. त्याला कोळी लटकवा.

मुळशी-मावळच्या मावश्यांना कोळी नवा नाही. भाताच्या खाचरात तुडतुडे खाणारा हाच तो. बघत बघत करा, चुकणार नाही.

आता महत्त्वाचं. कातरण फुकट मिळते म्हणून वस्तू स्वस्त, असं गिऱ्हाईक म्हणेल. आपण म्हणायचं नाही. उदाहरण मांडू. तार, दोरा, मणी मिळून ८ रुपये. पिशवी ३. गाडीभाड्याचा वाटा ४. झाले १५. एका कोळ्याला पाऊण तास लागतो असं धरा. तासाला ६० रुपये मजुरी लावली तर ४५ होतात. म्हणजे ६० रुपये नुसता खर्च, गटाचा नफा त्याच्या वर. कोणी म्हणालं, "चिंध्यांचंच तर आहे, २५ ला द्या," तर पाऊण तासाचे तुमच्या हातात १० रुपये पडतात. रोजाने खुरपायला गेलात तर इतक्या कमी पैशांत वाकाल का?

मागच्या वर्षी आपल्याच एका गटाला एका दुकानदाराने तोंडी सांगितलं, शंभर करा. त्यांनी केले. त्याने ४० उचलले. १ नोव्हेंबर उजाडला आणि ६० कोळी गोणीत राहिले. ६० गुणिले १५, म्हणजे ९०० रुपये रोख गेले. आणि ४५ तासांचं काम गेलं, रोज पाच तास धरले तर नऊ दिवस. सामानासाठी गटातून उचललेलं कर्ज मात्र व्याजासकट फेडावं लागलं. त्या बायकांची यात काय चूक? वस्तू चांगलीच होती, फक्त हातात कागद नव्हता.

म्हणून ऑर्डर लिहून घ्या: नग किती, दर किती, माल कधी द्यायचा. अर्धे पैसे आगाऊ घ्या. आगाऊ नाही तर तार कापायची नाही. आधी एक नमुना दाखवा. सुरुवात सप्टेंबरात करा, माल २० ऑक्टोबरच्या आत पोचवा. एका दिवसाच्या सणासाठी नवं कर्ज काढू नका. शिकलेलं वाया जात नाही, हाच गोळा लाल-पिवळ्या कापडाचा केला की तोरणाचं लटकन होतं, आणि दिवाळीला त्याला गिऱ्हाईक जास्त.

पुढच्या मासिक बैठकीला प्रत्येक गटाने एक कोळी आणि त्याच्या खर्चाचा कागद आणायचा. कागदावर वेळ लिहिलेली हवी, घड्याळ बघून. कोळी जरा वाकडा झाला तरी चालेल, हिशोब वाकडा नको.

चला, सुया-दोरे काढा.