गुणपत्रिकेचा काटा

(कारंजा (लाड) येथे दहावी-बारावी उत्तीर्ण विद्यार्थी व त्यांचे पालक यांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कारंजा म्हटले की बाहेरच्या माणसाला प्रथम आठवते ती श्रीनृसिंह सरस्वतींची जन्मभूमी. जैन बांधवांना आठवतात येथील मंदिरे आणि ग्रंथभांडारे. शेतीमालाच्या व्यापाराचा अभ्यास करणाऱ्यांना मात्र हे गाव तिसऱ्याच कारणाने ठाऊक असते. १८८६ साली हैदराबाद रेसिडेन्सीच्या आदेशाने येथील कापसाचा बाजार नियमांखाली आणला गेला. देशातील पहिली नियंत्रित बाजारपेठ म्हणून कृषिपणनाच्या पाठ्यपुस्तकांत आजही कारंज्याचेच नाव येते. त्यानंतर अकरा वर्षांनी, १८९७ मध्ये, सबंध वऱ्हाडासाठी कापूस व धान्यबाजाराचा कायदा झाला. इंग्रजांना येथल्या शेतकऱ्याचा कळवळा आला होता, असे समजण्याचे काही कारण नाही. मँचेस्टरच्या गिरण्यांना निर्भेळ कापूस रास्त भावात हवा होता, एवढेच. पण हेतू कोणताही असो, नियंत्रित बाजाराचे मर्म एकच आहे: सौदा उघड्यावर व्हावा, काटा खरा असावा आणि गाडी घेऊन आलेल्या माणसाला आपला माल किती भरला हे कळावे.

सत्काराच्या प्रसंगी ही बाजाराची गोष्ट कशासाठी, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. कारण सरळ आहे. आज येथे बसलेल्या प्रत्येक मुलाच्या हातात जी गुणपत्रिका आहे, तोही एक काटाच आहे. बारा वर्षे शाळेत घालवून मुलाने काय कमावले, हे त्या काट्याने सांगायचे असते. तो खरे सांगतो का, याचा विचार हारतुऱ्यांच्या दिवशी करणे थोडे अरसिकपणाचे वाटेल. परंतु पुढच्या दोन महिन्यांत घराघरांत शेत गहाण टाकण्याचे, कर्ज काढण्याचे, मुलीला परगावी पाठवायचे की नाही याचे निर्णय याच कागदावर विसंबून घेतले जातील. तेव्हा तो अरसिकपणा पत्करलेला बरा.

राज्य मंडळाच्या दहावीच्या निकालाचे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. २०१९ चा निकाल ७७.१० टक्के. २०२० चा ९५.३० टक्के. एका वर्षात मुले अठरा टक्क्यांनी हुशार झाली काय? २०१९ साली भाषा व सामाजिक शास्त्रे या विषयांतील शाळेने द्यावयाचे अंतर्गत गुण काढून टाकले होते. पुढच्या वर्षी ते परत आले. २०२० साली टाळेबंदीमुळे भूगोलाचा पेपर रद्द होऊन त्याचे गुण सरासरीने द्यावे लागले, हेही खरे. परंतु एवढ्या मोठ्या उडीचा मुख्य उलगडा अंतर्गत गुणांतच आहे. मुले तीच, शिक्षक तेच, पुस्तकेही जवळजवळ तीच. बदलले ते फक्त वजन. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही आणि बारावीचा निकाल ९९.६३ टक्के लागला. त्या वर्षीचा नाइलाज समजू शकतो. पण नंतरही, २०२५ च्या बारावीचा निकाल ९१.८८ टक्के आहे.

आता दुसरा काटा पाहू. ग्रामीण भागातील चौदा ते अठरा वर्षांच्या मुलांची ‘असर’ नावाची पाहणी दोनदा झाली आहे, २०१७ आणि २०२३ साली, देशातील निवडक जिल्ह्यांत. २०२३ च्या पाहणीत या वयाची जवळजवळ ८७ टक्के मुले शाळा-महाविद्यालयांत नाव असलेली आढळली. याचा आनंद मानावा. परंतु त्यांतील चौथ्या हिश्श्याच्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा स्वतःच्या मातृभाषेत अस्खलित वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे गणित निम्म्याहून अधिक मुलांना जमले नाही. आणि २०१७ च्या पाहणीतील एक गोष्ट तर कारंज्याच्या माणसाने ध्यानात ठेवण्यासारखी आहे. वजनांची बेरीज करून एकूण किलो सांगा, असा साधा प्रश्न होता. तो अवघ्या ५६ टक्के मुलांना सुटला. ज्या वऱ्हाडात कापसाचे वजन कोणी चुकवू नये म्हणून बाजाराला नियम लागले, तेथल्या शेतकऱ्याच्या मुलाला काट्यावरची पट्टी वाचता आली नाही, तर ते नियम कोणाच्या उपयोगाचे?

फुगलेल्या गुणांनी कोणाचे नुकसान होते, याची चर्चा क्वचितच होते. सर्वांना थोडे थोडे अधिक मिळाले तर बिघडले कुठे, असा एक उदार विचार आहे. बिघडते ते गरिबाचे. पुण्या-मुंबईच्या सुस्थित कुटुंबाला मुलाची कुवत जोखण्याची दहा साधने असतात. शिकवणीतल्या दर आठवड्याच्या चाचण्या असतात, अभियंता काका असतो, वैद्यक शिकणारी मावसबहीण असते. तेथे बोर्डाच्या गुणपत्रिकेकडे कोणी फारसे पाहतही नाही. शिवाय राज्यातील अभियांत्रिकीचे प्रवेश सीईटीवर आणि वैद्यकीयचे नीटवर ठरतात, हे त्यांना आठवीपासून ठाऊक असते. मानोऱ्याच्या किंवा मंगरूळपीरच्या एखाद्या खेड्यातील पहिल्याच पिढीच्या विद्यार्थ्याकडे दुसरा काटा नसतो. त्याच्या बापाने ८२ टक्के हा आकडा वाचला आणि त्यावर विश्वास ठेवला. विश्वास ठेवणे हा त्याचा दोष नव्हे. कापसाच्या शंभर किलोंतून रुई तेहतीस-पस्तीस किलोच निघते, बाकीची सरकी, हे त्याला पक्के माहीत असते. टक्केवारीतून रुई किती आणि सरकी किती, हे त्याला कोणी सांगितलेले नसते.

मग पहिला धक्का बसतो तो अकरावीत. हा प्रसंग कारंज्यातील किती घरांत घडला असेल याची गणती नाही. मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकली. विज्ञानात तिला नव्वदच्या घरात गुण आहेत. नववीत तिने संवेग शिकला, जडत्व शिकले, त्वरणाची उदाहरणे सोडवली आणि तिला ती समजलीही होती. अकरावीत विज्ञान शाखेला गेल्यावर संवेगाचे मोमेंटम झाले, जडत्वाचे इनर्शिया झाले आणि पुस्तकातील प्रत्येक वाक्य परक्या भाषेत उभे राहिले. तिची बुद्धी एका उन्हाळ्यात कमी झालेली नसते. पण पहिल्या तीन महिन्यांत तिला वाटू लागते की आपल्याला विज्ञान जमत नाही. ती समजून घेण्याऐवजी पाठ करू लागते. पाठ केल्याने बारावी निघून जाते आणि प्रश्न पुढे ढकलला जातो.

यावर उपाय म्हणून सेमी-इंग्रजीचा रस्ता अनेक शाळांनी धरला. तो कितपत फळतो हे वर्गात इंग्रजी किती समजते यावर अवलंबून आहे. नुसते पुस्तक बदलून काम भागत नाही. उलट दिशेनेही एक पाऊल पडले आहे. २०२१ पासून जेईई मुख्य परीक्षा मराठीतूनही देता येते आणि मातृभाषेतून अभियांत्रिकी शिकवण्यास त्याच सुमारास परवानगी मिळाली. स्वभाषेतील उच्च शिक्षण हा ज्यांच्या श्रद्धेचा विषय आहे त्यांनी या घटनेचे स्वागत केले, ते योग्यच होते. परंतु स्वागत करणाऱ्यांनी एक प्रश्न स्वतःला विचारावा. उद्या भौतिकशास्त्राचा पदवीचा ग्रंथ उत्तम मराठीत हाती आला, तर आपल्या बारावी झालेल्या मुलाला त्यातील चाळीस पाने एकट्याने वाचून समजतील काय? भाषेचा अभिमान आणि भाषेत वाचण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

खरे तर वाचन ही या गावाची मिरासदारी. येथील भांडारांतील अपभ्रंश हस्तलिखितांवर प्रा. हिरालाल जैन यांच्यासारख्या पंडितांनी चिकाटीने काम केले आणि १९३० च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून ‘जसहरचरिउ’, ‘णायकुमारचरिउ’ अशी काव्ये विद्वज्जगतापुढे आली. तेवढ्या पांडित्याची अपेक्षा बारावीच्या मुलाकडून कोणी करीत नाही. पण महाविद्यालयात जे लागते ते जातीने तेच आहे: अपरिचित मजकुरासमोर न घाबरता बसणे, न समजलेल्या शब्दाखाली रेघ मारणे, कोश उघडणे, पुन्हा वाचणे. आपली परीक्षापद्धती याच्या नेमके उलट शिकवते. ‘अपेक्षित प्रश्नसंच’ घेतला की पाठ्यपुस्तकही उघडावे लागत नाही.

विज्ञान शाखेची आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणणे जिवावर येते. बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्र या प्रत्येक विषयात शंभरांपैकी तीस गुण प्रात्यक्षिकाचे असतात. काही ठिकाणी ते प्रामाणिकपणे होते. त्या शिक्षकांना नमस्कारच केला पाहिजे. इतर अनेक ठिकाणी वही उतरवली जाते, सही होते आणि तिसापैकी अठ्ठावीस पडतात. मुलगा पदवीच्या प्रयोगशाळेत जातो तेव्हा त्याने ब्युरेट पहिल्यांदाच हातात धरलेले असते. नाव एका गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात आणि मुक्काम अकोला, लातूर किंवा नागपूरच्या शिकवणीत, ही व्यवस्थाही आता सर्वपरिचित आहे. २०१८ साली शासनाने विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला तो यामुळेच. कनिष्ठ महाविद्यालय रिकामे, शिकवणी भरलेली. आणि ज्यांना शिकवणीचे शुल्क झेपत नाही ते विद्यार्थी त्या रिकाम्या वर्गात बसलेले.

हे झाले शिक्षणाचे. नोकरी-व्यवसायाचे चित्र याहून वेगळे नाही. पहाटे मैदानावर पोलीस भरतीसाठी धावणारी मुले आपण रोज पाहतो. त्यांच्या जिद्दीला तोड नाही. पण २०२३ च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते, ही गोष्ट त्यांच्यापैकी किती जणांच्या घरी शांतपणे बोलली गेली? आणि भरती झाली नाही तर दुसरे काय येते, हा प्रश्न विचारला की बारावी झालेला मुलगा गप्प होतो, कारण खरोखरच त्याला दुसरे काही शिकवलेलेच नसते. २०२४ साली राज्य शासनाने युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली, तेव्हा बारावी उत्तीर्णांना महिना सहा हजार आणि आयटीआय झालेल्यांना आठ हजार रुपये विद्यावेतन ठरवले. जाता जाता सरकारनेच सांगून टाकले की ज्याच्या हाताला काम येते त्याची किंमत अधिक आहे. तरीही घरात आयटीआयचे नाव निघाले की आईचा चेहरा उतरतो.

हाताने काम शिकवावे, हा विचार आपल्याकडे नवा नाही. येथून फार दूर नसलेल्या वर्ध्यात ऑक्टोबर १९३७ मध्ये महात्मा गांधींनी बोलावलेल्या शिक्षण परिषदेत तोच विषय होता. जे. पी. नाईक ज्याचे सदस्य-सचिव होते त्या कोठारी आयोगानेही १९६६ मध्ये माध्यमिक शिक्षण व्यवसायाभिमुख करण्याचा आग्रह धरला. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०२५ पर्यंत निम्म्या विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय घडावा असे लक्ष्य ठेवले. अहवालांच्या बाबतीत आपला देश कधीच मागे नव्हता.

करून दाखवले ते पुणे जिल्ह्यातील पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवलेले, हिंदुस्थान लिव्हरमध्ये संशोधन केलेले हे गृहस्थ १९८३ साली एका कोरडवाहू गावात जाऊन राहिले आणि त्यांनी विज्ञान आश्रम उभा केला. तेथून आठवी ते दहावीच्या शाळांसाठी मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार झाला. आठवड्यातील एक दिवस मुले लोखंड जोडतात, विजेची जोडणी करतात, माती तपासतात, खाद्यपदार्थ टिकवतात आणि त्याचा हिशेब लिहितात. राज्य मंडळाने तो विषय दहावीला मान्य केला आणि कलबागांच्या पश्चातही, २००३ नंतर, हे काम थांबलेले नाही. तेथे काट्याला फसवता येत नाही. जोड पक्का असतो किंवा तुटतो. दिवा लागतो किंवा लागत नाही.

कारंज्यालाही असे काही करणे अनोळखी नाही. १९१८ साली येथे महावीर ब्रह्मचर्याश्रम गुरुकुल सुरू झाले, तेव्हा त्याच्या संस्थापकांनी सरकारी अनुदानाची वाट पाहिली नव्हती.

तेव्हा आजच्या मेळाव्याच्या कार्यकर्त्यांनी जे ठरवले आहे ते थोडक्यात सांगतो आणि पुरे करतो. शाळेची एक खोली मिळाली आहे. निवृत्त शिक्षकांपैकी दोघे आणि बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ संध्याकाळी दीड तास देणार आहेत. महाविद्यालये सुरू होईपर्यंत बारावी झालेल्या मुलांनी पहिल्या वर्षाच्या पुस्तकातील एकेक प्रकरण स्वतः वाचून दुसऱ्यांना समजावून सांगायचे आहे, मराठीत आणि मग मोडक्यातोडक्या का होईना इंग्रजीत. दहावी झालेल्यांसाठी विज्ञानाच्या संज्ञा दोन्ही भाषांत, रोज वीस. पहिल्या दिवशी सर्वांची एक चाचणी होईल: एक उतारा, एक अर्ज, चार भागाकार, घरचे वीजबिल आणि कापसाची एक काटापट्टी. गुण जाहीर होणार नाहीत. ते फक्त त्या मुलाला आणि त्याच्या पालकांना दाखवले जातील. आठवी-नववीचे विद्यार्थीही आले तर हवेच आहेत, त्यांच्या हाती अजून वेळ आहे. शुल्क नाही. नावे नोंदवण्याची वही सभागृहाच्या दारापाशी ठेवली आहे. आईवडिलांपैकी एकाने सोबत येऊन सही करावी.