घड्याळ म्हणतंय व्यायाम झाला. झाला का खरंच?

आज सरळ मुद्द्याला हात घालतो. व्हिडिओ गेम खेळणं व्यायामात धरायचं का? आधी उत्तर, मग कारणं. बसून खेळलेला गेम धरायचा नाही, कितीही घाम फुटला तरी. उभं राहून हातपाय हलवून खेळलेला धरायचा, पण सगळेच गेम नाहीत.

आता यात वाद कुठे आहे? वाद आपल्या मनगटावर आहे. स्मार्टवॉचच्या मागे तो हिरवा लाइट असतो ना, तो कातडीखालच्या रक्ताच्या कमी-जास्तीवरून ठोके मोजतो. काम तेवढंच. पुढचं सगळं सॉफ्टवेअर. २२० मधून तुमचं वय वजा करायचं, येईल तो कमाल ठोक्यांचा अंदाज. त्याच्या ५० ते ७० टक्क्यांत ठोके असतील तर मध्यम व्यायाम. वीस वर्षांच्या पोरासाठी म्हणजे १०० ते १४०. बऱ्याच घड्याळांत ठोके या पट्ट्यात गेले की मिनिटं जमा व्हायला लागतात. मी रोज कोड लिहितो, त्यामुळे सांगतो, ही एक साधी 'इफ' कंडिशन आहे. ठोके का वाढले, हे तिला कळत नाही.

माझा मावसभाऊ सांगलीत बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. वय २०. मध्यंतरी त्याची एचबीए१सी ५.९ आली. ५.७ ते ६.४ म्हणजे डायबेटीसच्या उंबरठ्यावर. विसाव्या वर्षी! मावशीच्या घरी दोघांना शुगर आहे, त्यामुळे ती हादरलीच. डॉक्टरांनी रोज अर्धा तास व्यायाम सांगितला. तर हा रात्री बीजीएमआय खेळतो आणि सकाळी आईला घड्याळ दाखवतो, "हे बघ, बेचाळीस मिनिटं झाली." मावशीचा मला फोन. "तू कॉम्प्युटरवाला आहेस ना, मग सांग, हे घड्याळ खोटं बोलतंय का?"

घड्याळ खोटं बोलत नव्हतं. शेवटच्या सर्कलमध्ये त्याचे ठोके खरंच ११८ ला जात होते. पण ते वाढवत होतं ॲड्रेनलिन. शरीराला वाटतं, आता पळायचंय नाहीतर लढायचंय. हृदय तयारीला लागतं, लिव्हर रक्तात साखर सोडतं. आणि आपण? खुर्चीत बसून दोन अंगठे हलवतोय. मांडीचे, पोटऱ्यांचे मोठे स्नायू झोपलेलेच.

चालताना, चढताना उलटं होतं. स्नायू आकुंचन पावतात तेव्हा ते रक्तातली साखर ओढून घेतात, आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनवर अवलंबून राहावं लागत नाही. ज्याचं इन्शुलिन नीट काम करेनासं झालंय, त्याच्यासाठी व्यायाम औषधासारखा का, ते इथे आहे. म्हणजे घड्याळात दोन्हीकडे ठोके वाढलेले दिसतात, पण एकीकडे साखर रक्तात सोडली जातेय आणि दुसरीकडे उचलली जातेय.

सुट्टीत तो आमच्याकडे साताऱ्याला आला, तेव्हा त्याला अजिंक्यताऱ्यावर चढवला. गाडी खालीच ठेवली. अर्ध्या वाटेत ठोके १४६, आणि साहेबांचं बोलणं बंद. घड्याळापेक्षा सोपी परीक्षा हीच आहे बघा. मध्यम व्यायामात बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही; जोरात असेल तर दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. बीजीएमआयमध्ये हाच गडी अर्धा तास टीमवर अखंड ओरडत असतो, एकदाही धाप लागत नाही.

आता हलणारे गेम. शारीरिक श्रम मोजायचं एक माप आहे, मेट. शांत बसणं म्हणजे १, आणि ३ पासून मध्यम व्यायाम सुरू. २०११ च्या प्रसिद्ध कोष्टकात व्हिडिओ गेमही आहेत. हातात कंट्रोलर घेऊन आरामात खेळलात तर १, म्हणजे नुसतं बसल्यासारखंच. वी फिटमधला योगा, तोल सांभाळणं २.३. त्यातलेच एरोबिक प्रकार ३.८. आणि डान्स डान्स रिव्होल्यूशन, तो पायांनी चौकोन दाबत नाचायचा गेम, जोरात खेळलात तर ७.२! जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. तो नाचून झाला तरी संघटनेची काही हरकत नाही.

अडचण दुसरीच आहे. पोकेमॉन गो आठवतोय? २०१६ साली अमेरिकेतल्या तरुणांवरचा अभ्यास ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला होता. पहिल्या आठवड्यात दिवसाला सरासरी ९५५ पावलं वाढली. सहाव्या आठवड्यापर्यंत गाडी मूळपदावर. नव्याचे नऊ दिवस, दुसरं काय.

म्हणून भावाचा गेम बंद करायला मी सांगितलं नाही. बंद केला असता तर लपून खेळला असता. ठरलं एवढंच की रात्री जेवल्यावर आधी आयर्विन पुलापर्यंत जाऊन यायचं, मग मॅच. आणि मॅचमध्ये आपण मेलो, टीम जिवंत आहे, तर बसून बघत राहायचं नाही; तेवढ्यात उठाबशा काढायच्या. (यामुळे तो मरायचा कमी झालाय म्हणे.) एचबीए१सी साधारण तीन महिन्यांची सरासरी दाखवते, त्यामुळे फरक पडला का ते इतक्यात कळणार नाही.

त्याचा एक मुद्दा मात्र मला मान्य आहे. तो म्हणाला, "दादा, डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ईस्पोर्ट्सला मान्यता दिली. मग तो खेळ नाही का?" आहे की. हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत त्याला पदकंसुद्धा होती. पण खेळ आणि व्यायाम हे दोन वेगळे शब्द आपल्याकडे उगाच नाहीत. कॅरमही खेळच आहे. आपल्या साताऱ्याची अदिती स्वामी २०२३ मध्ये बर्लिनला १७ व्या वर्षी तिरंदाजीत जगज्जेती झाली. तिरंदाजीतही नजर आणि डोकं शांत लागतं, पण धनुष्य ओढायला पाठ आणि खांदे कमवावेच लागतात. गेमरला तशी सक्ती कुणी करत नाही, आणि तासन् तास बसून मान, मनगट, कंबर तर त्याचीही जाते.

तर सातारा, सांगली, कऱ्हाड, मिरज भागातलं कुणी टूर्नामेंट खेळत असेल, तर मला व्हॉइस नोट पाठवा. रोजच्या सरावात उभं राहून करायचं काही ठेवलंय का, की सगळं खुर्चीतच? चांगली उत्तरं पुढच्या भागात ऐकवतो.