कार्बनवरचा कर: तीन देश, तीन वाटा

कोळसा, पेट्रोल जाळल्यावर हवेत जाणाऱ्या कार्बनवर कर लावायचा, हा हवामान बदलावरचा एक सरकारी उपाय. पण त्याचं नशीब देशोदेशी वेगळं निघालं.

स्वीडनने तो 1991 मध्ये लावला. त्याच वेळी लोकांचा प्राप्तिकर कमी केला, हे फार महत्त्वाचं. कर पुढे टप्प्याटप्प्याने वाढत गेला. त्या थंड देशात घरं उबदार ठेवायला पूर्वी खनिज तेल जाळत. आता शहरोशहरी लाकडाचा भुसा, जंगलात लाकूडतोडीनंतर उरलेल्या फांद्या आणि कचरा जाळून तापवलेलं पाणी जमिनीखालच्या नळ्यांतून घरोघर फिरतं. 1990 च्या तुलनेत देशाचं उत्सर्जन चतुर्थांशाहून अधिक घटलं, आणि अर्थव्यवस्था वाढतच राहिली.

ऑस्ट्रेलियात असाच आकार जुलै 2012 मध्ये सुरू झाला. सत्ता बदलली आणि 2014 च्या जुलैमध्ये तो रद्द झाला.

कॅनडाने 2019 पासून इंधनावरच्या या आकाराचा बहुतांश पैसा कुटुंबांच्या खात्यात परत दिला. पण पंपावरची दरवाढ रोज दिसायची, परतावा मात्र ध्यानात राहायचा नाही. एप्रिल 2025 मध्ये ग्राहकांवरचा आकार उठला. मोठ्या उद्योगांवरचा राहिला.

स्वीडनचा कर टिकला, कारण तिथल्या प्रमुख पक्षांनी तो सत्तांतरानंतरही मोडला नाही. माझ्या मते कराच्या दरापेक्षा हे सातत्यच मोलाचं. आपल्याकडे भारतातही कार्बन क्रेडिटच्या, म्हणजे उत्सर्जन कमी केल्याबद्दल मिळणाऱ्या आणि विकता येणाऱ्या प्रमाणपत्रांच्या, व्यापाराची योजना आकाराला येते आहे. तिचे नियम काय ठरतात, याकडे नागरिक म्हणून आपण जरूर लक्ष ठेवावं.