विसार देण्यापूर्वी



‘लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून’ असे आपले वाडवडील म्हणत. आता आपण घर बांधीत नाही, तयार सदनिका घेतो. ‘पाहावे’ एवढेच काम उरले आहे आणि नेमके तेच आपल्या हातून होत नाही.

आम्हा केंद्र सरकारी नोकरांची अडचण तर विशेषच. तीस-पस्तीस वर्षे सरकारी क्वार्टरांत गेली. छत गळू लागले की तक्रारवहीत नोंद करावयाची. आला तर गवंडी, न आला तर बादली! भिंतीचे दुखणे ओळखणारी नजर आम्हांस यावी कोठून? निवृत्तीच्या सुमारास ग्रॅच्युइटी आणि भविष्यनिर्वाह निधी एकत्र करून आम्ही या अहमदाबादेत प्रथमच घर घ्यावयास निघतो. कागद वकिलाला दाखवितो, मुहूर्त ज्योतिषाला विचारतो; इमारत मात्र दलालाच्या डोळ्यांनी पाहतो. बँकेने कर्ज दिले म्हणजे घर तपासलेच, असाही समज आहे. बँकेचा मूल्यमापक मुख्यतः तारणाची किंमत ठरवितो. न्हाणीघराचा नळ तो सोडून पाहीलच असे नाही.

या शहराने २६ जानेवारी २००१ चा दिवस पाहिला आहे. भूकंपाचे केंद्र कच्छात, येथून दोनशे किलोमीटरांहून अधिक दूर. तरीही येथे अनेक बहुमजली इमारती कोसळल्या, शेकडो माणसे गेली. त्यांतील पुष्कळ इमारतींचा तळमजला वाहनांसाठी मोकळा, नुसत्या खांबांवर उभा होता. वरचे मजले भिंतींनी ताठ झालेले, त्यामुळे हादऱ्याचे सारे वाकणे खालच्या खांबांवर एकवटले. भूकंपविषयक भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत अशा मजल्याचे खांब व तुळया अडीचपट बळासाठी आखण्याची तरतूद आली. म्हणून इमारत कोणत्या साली बांधली आणि पुढे तिचे खांब बळकट केले की नाही, हा प्रश्न स्वयंपाकघरातील फरशीच्या रंगाआधी विचारावयास हवा.

हे काम स्थापत्य अभियंत्याचे. गिलाव्यावरची केसासारखी चीर बहुधा निरुपद्रवी असते. खांबाच्या कडेने उभी उतरणारी चीर तशी नव्हे. आतली सळई गंजली की फुगते आणि काँक्रीटला आतून फोडते. नवा रंग ते चार-सहा महिने झाकतो, आणि घर विकावयाचे असले की रंग हमखास नवा असतो! अभियंता गिलावा ठोकून पोकळ आवाज ऐकतो, खांबावर हातोडीचे यंत्र टेकवून काँक्रीटच्या कठीणपणाचा अंदाज घेतो, गच्चीवरील कोब्याचा उतार पाहतो. आणखी एक गोष्ट आपणही करू शकतो. न्हाणीघराची गळती आपल्या घरात दिसत नाही, ती खालच्या बिऱ्हाडाच्या छताला दिसते. त्या गृहस्थांकडे दहा मिनिटे बसावे. त्यांना सांगावयाचे पुष्कळ असते.

कायद्याचेही थोडे सांगतो. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यान्वये विक्रेत्याने स्वतःस माहीत असलेला महत्त्वाचा दोष सांगावयास हवा. पण ग्राहकाला साध्या काळजीने दिसू शकला असता, अशा दोषाला हे संरक्षण नाही. २०१६ च्या रेरा कायद्याच्या कक्षेतील प्रकल्पांत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत बांधणीतील दोष विकासकाने विनामूल्य दुरुस्त करावयाचा आहे. पंचवीस वर्षांची जुनी सदनिका घेणाऱ्यास त्याचा काय उपयोग?

तेव्हा अभियंता आपला असावा, विक्रेत्याने वा दलालाने सुचविलेला नसावा. त्याचा अहवाल लेखी, छायाचित्रांसह आणि विसाराची रक्कम देण्याआधी हाती यावा. त्याची फी अनेकांना जड वाटते; तेच लोक पडद्यांवर तेवढे सहज खर्च करतात.

या सभागृहातच रेल्वे व बांधकाम खात्यांतून निवृत्त झालेले अभियंते बसलेले आम्हांस दिसत आहेत. त्यांची संमती असल्यास त्यांच्या नावांची यादी मंडळाच्या वाचनालयात लावावी, अशी सूचना आम्ही कार्यकारिणीपुढे ठेवतो.