यंत्राची जबानी

गेल्या पावसाळ्यांतील एका सायंकाळीं शेजारची कॉलेजांत शिकणारी मुलगी घाईघाईनें आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, जरा येतां का? आमचा संगणक आपण होऊन कांहींतरी बोलूं लागला आहे." मी गेलों. संगणकास आज्ञा लिहून देण्यासाठीं जी काळी चौकट असते तींत ती काम करीत बसली होती, आणि तिच्या मजकुराच्या ऐन मध्यावर इंग्रजींत दोन ओळी उमटल्या होत्या. त्यांचा मराठी अर्थ असा: 'अज्ञात कारणासाठीं तातडीची हांक आली. भांबावून आणि गोंधळून गेलों आहें. तरी काम पुढें चालविण्याचा यत्न करीत आहें.' मुलीची आई दाराशीं उभी होती. त्या म्हणाल्या, "बटण बंद करूं का? घरांत लहान मूल आहे. उगीच स्फोटबिट व्हायचा."

मला हंसूं आलें नाहीं. यंत्रानें माणसासारखें बोलावें आणि तें बोलणें माणसासच कळूं नये, ही गोष्ट कोणासही अस्वस्थ करील अशीच आहे. शिवाय अशा बोलण्याकडे हंसून दुर्लक्ष केल्याबद्दल मीं स्वतः एकदां जबर दंड भरला आहे. तो प्रसंग शेवटीं सांगेन. तत्पूर्वीं हें बोलणें कोणाचें, तें कोठें लिहिलें जातें आणि तें वाचावें कसें, एवढें सांगणें हा आजच्या भाषणाचा हेतु आहे.

तो संगणक लिनक्स नांवाच्या प्रणालीवर चालत होता. १९९१ सालीं हेलसिंकी विद्यापीठांतील लिनस टोर्वाल्ड्स या विद्यार्थ्यानें तिचा गाभा लोकांपुढें ठेवला. आपणांपैकीं पुष्कळांस तिचें नांवही ठाऊक नसेल. परंतु ज्याच्या खिशांत अँड्रॉइड फोन आहे त्याच्या खिशांत लिनक्सचा गाभा आहे. तेव्हां हा विषय सर्वस्वीं परका आहे असें म्हणण्यास जागा नाहीं.

ही प्रणाली आपली रोजकीर्द ठेवते. पेढीवरील कारकून जसा आल्यागेल्या रकमेची वेळच्या वेळीं नोंद करतो, तशी यंत्रांत घडणाऱ्या प्रत्येक लहानमोठ्या गोष्टीची नोंद होत असते. मात्र येथें लिहिणारा कारकून एक नसतो. गाभा लिहितो, हार्ड डिस्कवर नजर ठेवणारा प्रोग्रॅम लिहितो, टपाल पोंचविणारा लिहितो, आणि प्रत्येकास दिसतें तें फक्त आपल्या कोपऱ्यापुरतें. १९८० नंतरच्या दशकांत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेंत एरिक ऑलमन यांनीं सेंडमेल या टपालवाहक प्रोग्रॅमसाठीं 'सिसलॉग' नांवाची नोंदपद्धति तयार केली. ती इतकी सोयीची ठरली कीं इतरांनींही ती उचलली, आणि २००९ सालीं तिचें नवें प्रमाणित रूप प्रसिद्ध झालें. या पद्धतींत प्रत्येक ओळीस ० पासून ७ पर्यंत एक वर्ग दिलेला असतो. ० म्हणजे आणीबाणी, १ म्हणजे ताबडतोब उपाय हवा, २ गंभीर, ३ चूक, ४ इशारा, ५ ध्यानांत ठेवण्याजोगें, ६ केवळ माहिती आणि ७ म्हणजे कारागिरांपुरता तपशील. आंकडा जितका लहान, तितकें संकट मोठें.

सामान्यतः ओळीचे चार भाग असतात: वेळ, यंत्राचें नांव, बोलणाराचें नांव आणि बोलणें. वाचणारा नेमका चौथा भाग आधीं वाचतो आणि तेथेंच घाबरतो. वास्तविक पहिले तीन भाग वाचल्यावांचून चौथ्यास अर्थ नाहीं. गाभ्याच्या कित्येक ओळींच्या आरंभीं तारखेऐवजीं कंसांत नुसताच एक आंकडा दिसतो. तो यंत्र सुरू झाल्यापासून लोटलेल्या सेकंदांचा आंकडा होय. तो ३ च्या आसपास असला तर यंत्र डोळे चोळीत उठत असतांनाचें तें बोलणें आहे. ८६,४०० च्या आसपास असला तर यंत्र एक दिवसभर चालल्यानंतरचें आहे. जागें होतांना पुष्कळजण कुरकुर करतात. तिचें महत्त्व वेगळें.

आतां या बोलण्याचें स्वरूप पाहूं. लिनक्सच्या गाभ्यांत प्रिंटरविषयीं एक प्रसिद्ध वाक्य आहे: 'प्रिंटर शून्य पेटला आहे.' जुन्या पद्धतीच्या प्रिंटरकडून येणाऱ्या जाड तारेंतून संगणकास तीन खुणा कळत असत: कागद संपला, प्रिंटर कामास तयार आहे, आणि कांहींतरी बिघडलें. कागद संपलेला नाहीं, प्रिंटर तयारही आहे, तरी बिघाडाची खूण येते आहे, अशी स्थिति झाली कीं गाभा विचार करतो: कागद नव्हे, तयारी नव्हे, मग उरलें काय? आणि लिहितो, 'पेटला आहे.' धूर कोणी पाहिलेला नसतो. तो निव्वळ वजाबाकीनें काढलेला निष्कर्ष आहे, आणि त्यांत लिहिणाराचा विनोद मिसळला आहे. गंमत अशी कीं, या आगीच्या वार्तेचा वर्ग ६, म्हणजे केवळ माहिती!

याच्या अगदीं उलट त्या मुलीच्या पडद्यावरील ओळी. संगणकाच्या मेंदूस एक अशी हांक देतां येते कीं जिच्याकडे त्यास कान झांकून बसतां येत नाहीं. मेमरींतील दोषासारखें कांहीं गंभीर घडलें कीं ती हांक येते आणि तिच्याबरोबर कारणही कळतें. परंतु कधींकधीं हांक येते आणि कारण ओळखीचें निघत नाहीं. अशा वेळीं गाभा प्रामाणिकपणें सांगतो कीं, 'मी गोंधळलों आहें.' ही ओळ वर्ग ० मध्यें पडते, म्हणूनच ती कोणी न विचारतां काम करणाराच्या चौकटींत उमटली. ती एकदांच आली तर तारीख टिपून ठेवावी. वरचेवर येऊं लागली तर मेमरी, वीजपुरवठा आणि उष्णता यांची तपासणी करवावी. यावरून ध्यानांत येईल कीं, वर्ग हा देखील लिहिणाराचा अभिप्रायच आहे. तो मोलाचा आहे, पण न्यायाधीशाचा निकाल नव्हे.

कांहीं ओळी तर निरपराध्याकडे बोट दाखवितात. 'मंगळवासी' हा त्यांतील एक मासला. जाळ्यावरून येणाऱ्या पॅकेटवर पाठविणाराचा अशक्य असा पत्ता असला कीं त्यास जाळ्याच्या परिभाषेंत मंगळवासी म्हणतात. आपल्या घरीं टपालानें पत्र यावें आणि पाठविणाराच्या जागीं 'याच घरांतून' असें लिहिलेलें असावें, तसा हा प्रकार. परंतु खरी मेख पुढेंच आहे. 'मंगळवासी उगम' या शब्दांच्या लगेच पुढें जो पत्ता छापलेला असतो, तो ज्याच्याकडे पत्र जावयाचें त्याचा असतो. संशयित पत्ता 'पासून' या अर्थाच्या शब्दानंतर येतो. उतावळा वाचक फिर्यादीलाच बेड्या ठोकतो.

मेमरी संपल्याची हकीकतही अशीच आहे. गाभा प्रोग्रॅमांना शिल्लक मेमरीहून अधिक देण्याचें वचन देऊन बसतो, कारण सगळेच एकदम मागणी करीत नाहींत. एखादे दिवशीं मात्र ती वेळ येते, आणि सर्व यंत्र कोसळूं नये म्हणून एका प्रोग्रॅमचा बळी द्यावा लागतो. रोजकिर्दींत आधीं ओळ येते कीं, अमक्यानें संहारकास पाचारण केलें; आणि नंतर येते कीं, तमक्यास ठार केलें. पहिला केवळ शेवटच्या घटकेस मागावयास आलेला. दुसरा बहुधा सर्वांत स्थूल, म्हणून सांपडलेला. कदाचित् तो आपल्या कामाच्या स्वरूपामुळेंच स्थूल असेल. दोहोंपैकीं कोणीही अपराधी असेलच असें नाहीं. त्या दोन ओळींच्या मध्यें कोणापाशीं किती मेमरी होती याचा एक लांबच लांब तक्ता असतो. तो कोणी वाचीत नाहीं, आणि खरा पुरावा त्यांतच असतो.

मौन ही देखील एक साक्ष आहे. जुन्या सिसलॉगमध्यें कांहीं घडलें नाहीं तरी दर वीस मिनिटांनीं 'खूण' अशा अर्थाचा एकच शब्द लिहिला जाई. रात्रीच्या पहारेकऱ्याची ती 'आलबेल' होती. शेवटची आलबेल दोन वाजून वीस मिनिटांची, आणि पुढें कोरें, असें दिसलें तर यंत्र दोन वीस आणि दोन चाळीस यांच्या दरम्यान थांबलें, हें वाचणारास कळे.

आतां माझा दंड. माझ्या घरच्या संगणकांत मातोश्रींच्या आवाजांतील जात्यावरच्या एकेचाळीस ओव्या सांठवून ठेविल्या होत्या. एके दिवशीं रोजकिर्दींत एक ओळ दिसूं लागली: 'सध्यां वाचतां न येणारे विभाग: ८.' डिस्कचा पहारेकरी ती दर अर्ध्या तासानें लिही. मला वाटलें, कोट्यवधि विभागांत आठ म्हणजे काय? आग लागल्याच्या बातम्या पचविलेला मी. ही तर हिशेबाच्या वहीसारखी थंड ओळ. पंधरवड्यानें आठाचे चोवीस झाले, तेंही मीं पाहिलें. पुढें गाभ्यानें वाचनाची चूक नोंदविली, आणि एके सकाळीं सर्व फाइली केवळ वाचण्यापुरत्याच उघडूं लागल्या. वास्तविक, उरलेलें तरी सांभाळावें म्हणून गाभ्यानें लिहिण्याचा दरवाजा लावून घेतला होता. मीं तोच बिघाड समजलों आणि तो दूर करण्यासाठीं यंत्र पुनःपुन्हां बंद करून सुरू केलें. मरणोन्मुख डिस्कला मीं स्वतःच्या हातांनीं आणखी धांवावयास लावलें. शेवटीं सत्तावीस ओव्या परत मिळाल्या. चवदा गेल्या. मातोश्री आतां नाहींत.

नंतर मीं ती पहिली ओळ पुन्हां काढून पाहिली. तिचा वर्ग २ होता: गंभीर. हल्लींच्या लिनक्समध्यें 'जर्नलसीटीएल' म्हणून जी आज्ञा आहे, तिच्याकडे केवळ गंभीर आणि त्याहून वरच्या वर्गाच्याच ओळी मागतां येतात. आठवड्यांतून एकदां जरी मीं त्या मागितल्या असत्या, तरी त्या पसाऱ्यांतून ती एकटी वर आली असती. मीं शब्दांचा सूर ऐकला आणि बोलणारा कोण, कितव्यांदां बोलतो, आंकडा वाढतो कीं स्थिर आहे, हें पाहिलें नाहीं.

म्हणून, श्रोतेहो, ओळ विचित्र दिसली तर भिऊं नये, आणि साधी दिसली तर सोडूं नये. प्रथम कोण बोलतो तें पहावें. मग केव्हां, मग कोणत्या वर्गांत. नंतर मागें मागें जाऊन जी पहिली तक्रार असेल ती शोधावी, कारण शेवटची आरोळी बहुधा परिणामाची असते, कारणाची नव्हे. ती ओळ पुन्हां येते का हें पहावें. आणि डिस्कविषयीं कांहींही दिसलें तर दुसरें कांहीं करण्यापूर्वीं जें पुन्हां मिळणार नाहीं त्याची प्रत दुसरीकडे काढावी. शहाणपणाचा विचार त्यानंतर.

शेजारच्या त्या मुलीस मीं एवढेंच सांगितलें. तिनें वहींत तारीख आणि वेळ टिपली, आपल्या अभ्यासाची आणि घरांतील फोटोंची एक प्रत काढून ठेविली, आणि आईस म्हणाली, "बटण राहूं दे. तो खोटें बोलत नाहीं. त्याला कळलें नाहीं एवढेंच तो सांगतो आहे." ती ओळ त्यानंतर पुन्हां आलेली नाहीं. वहींतील नोंद मात्र तिनें खोडलेली नाहीं, आणि मीही तिला ती खोडूं दिली नसती.